यंदाचा सेदेर अहिंसेभोवती मांडायचा आहे: ताट, वाचन आणि पाहुणे

किहीमची_लेक

नमस्कार मंडळी,

यंदा आम्हा ज्यूंचा पेसाह १ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होतोय. मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हणतात तो हाच सण. इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटले, त्याची आठवण. त्या रात्री घरोघरी सेदेर असतो. मधे ताट, भोवती माणसं, प्रत्येकाच्या हातात हग्गादा नावाची पोथी. मुलांनी प्रश्न विचारायचे, मोठ्यांनी गोष्ट सांगायची, चार वेळा पेला उचलायचा आणि मधे जेवायचं. आम्ही बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता न्यू जर्सीत. इस्रायलबाहेर सेदेर दोन रात्री होतो, त्यातली दुसरी रात्र आमच्याकडे असते.

यंदा येणाऱ्यांची यादी केली आणि जरा थांबले. शेजारचं मराठी कुटुंब आहे, पक्कं शाकाहारी. मुलीची मैत्रीण आणि तिची आई, दोघी मुस्लिम. दारू सोडलेले एक काका आहेत, त्यांच्यासमोर वाइनची बाटली मला ठेवायची नाही. ऑक्टोबर २०२३ च्या इस्रायलवरच्या हल्ल्यात नात्यातलं माणूस गमावलेली एक मैत्रीण आहे. आणि गाझातल्या मुलांसाठी दर आठवड्याला चौकात फलक घेऊन उभी राहणारी दुसरी. या दोघी एकेकाळी सख्ख्या मैत्रिणी होत्या. दोघींनीही येते म्हटलंय, दुसरीही येणार हे माहीत असून.

तर मला हा सेदेर अहिंसा आणि करुणा मधे ठेवून करायचा आहे. त्यासाठी हग्गादा कापून गोड करायची माझी तयारी नाही. करुणेच्या जागा तिच्यात आणि तिच्याभोवतीच्या परंपरेत आधीपासून आहेत. आपण त्या घाईघाईत वाचून पुढे जातो, कारण जेवण गार होत असतं. यंदा तिथे थांबायचं.

पहिली जागा सुरुवातीचीच. मत्सा, म्हणजे बेखमीर भाकर, उचलून आपण अरामी भाषेत म्हणतो की ही दुःखाची भाकर, ज्याला भूक असेल त्याने यावं आणि जेवावं. कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, असं विचारत नाही.

दुसरी जागा सुइणींची. मिसरच्या राजाने, फारोने, हुकूम काढला की इब्री बायकांना मुलगा झाला तर जागच्या जागी मारा. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी तो पाळला नाही. शस्त्र उचललं नाही, आरडाओरडा केला नाही, मुलं जगवत राहिल्या. फारोने जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, या बायका धडधाकट आहेत, आम्ही पोहोचायच्या आत बाळंत होतात. इस्राएल लोकांना सोडवणारा मोशे मोठा होऊन राजवाड्यात जाण्याच्या कितीतरी आधीची ही अवज्ञा. नेहमीच्या हग्गादेत त्यांचं नावसुद्धा येत नाही, बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मात्र ठळक आहे. तो अध्याय मी मराठीत वाचणार आहे.

तिसरी जागा देवाने मिसरवर पाठवलेल्या दहा पीडांची. रक्त, बेडूक, उवा, अशी एकेक पीडा म्हणताना पेल्यातून एकेक थेंब बाहेर काढायचा. आम्हाला लहानपणी सांगितलेलं कारण असं की शत्रूच्या यातनेने आपला आनंद तेवढा कमी होतो, म्हणून पेला भरलेला ठेवायचा नाही.

चौथी जागा तालमुदातली, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या (रब्बींच्या) जुन्या चर्चाग्रंथातली. पाठलाग करणारं मिसरचं सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत गाणं म्हणायला लागले, तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाणी म्हणता? सणाच्या पुढच्या दिवसांत हल्लेलची, म्हणजे स्तुतीची, स्तोत्रं पूर्ण म्हणत नाहीत, त्यामागे सांगितलेल्या कारणांपैकी एक हेच आहे.

ताटाचं म्हणाल तर कोकराचं हाड, झेरोआ, मी ठेवणार नाही. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं तेव्हा तिथलं बलिदान थांबलं, तेव्हापासून हे हाड केवळ आठवणीपुरतं आहे. तालमुदात प्रश्न आहे की ताटावरचे दोन शिजवलेले पदार्थ कोणते? बॅबिलोनियाचे राव हूना उत्तर देतात: बीट आणि भात. आपल्या कोकणी माणसांना याहून जवळचं उत्तर मिळणार नाही.

असे सेदेर याआधी झाले आहेत. ४ एप्रिल १९६९ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाला वर्ष झालं त्या दिवशी, वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय चर्चच्या तळघरात सुमारे ८०० माणसं सेदेरला बसली होती. ज्यू होते, ख्रिस्ती होते, काळे होते, गोरे होते. आर्थर वास्को यांनी त्यासाठी वेगळी हग्गादा लिहिली होती, तिच्यात संदेष्ट्यांच्या शेजारी किंग आणि गांधी होते. आदल्या वर्षी, १९६८ ला, रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांनी किंगना आपल्या घरी सेदेरला बोलावलं होतं. सण आठवडाभरावर आला असताना किंग मारले गेले.

तुमच्यापैकी कोणी असं काही केलं असेल, किंवा हे करू नये असं वाटत असेल, तर दोन्ही सांगा. शाकाहारी पदार्थही सुचवा.

---

माळरान

ताई, मनापासून विचारतो. मी ज्यू नाही, बायबल थोडंफार वाचलंय. या गोष्टीचा शेवट मिसरमधल्या प्रत्येक घरातलं थोरलं मूल मरण्यात होतो. दासीचं मूल मरतं, तुरुंगातल्या कैद्याचं मरतं, गुराढोरांचे पहिलटकर मरतात. त्या दासीने कोणाचं काय केलं होतं? अशा गोष्टीभोवती अहिंसा कशी मांडणार? दुसरी गोष्ट निवडणं जास्त प्रामाणिक नाही का?

---

किहीमची_लेक

@माळरान, हा प्रश्न मला टेबलावर हवाच आहे. तुमची हरकत नसेल तर तुमच्याच शब्दांत वाचेन.

माझ्यापाशी त्याचं पूर्ण उत्तर नाही. दोन गोष्टी मात्र मला धरून ठेवतात. त्या रात्री इस्राएल लोकांना आज्ञा काय होती? सकाळ होईपर्यंत कोणीही घराच्या दाराबाहेर पडायचं नाही. कित्येक पिढ्या छळ सोसलेली माणसं, शेजारच्या घरांतून आकांत ऐकू येतोय, आणि यांच्या हातात मत्सा आणि कडू भाजी. सूड घ्यायला याहून सोपी रात्र नव्हती आणि त्या रात्री त्यांना घरात बसवून ठेवलं. दुसरी गोष्ट बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली आहे: मिसरी माणसाचा तिरस्कार करू नका, कारण तुम्ही त्याच्या देशात परके होता. ज्यांनी मुलं नदीत फेकली त्यांच्याबद्दल हे लिहिलंय.

दासीच्या मुलाचा प्रश्न यातून सुटत नाही, मान्य आहे. पण गोष्ट बदलली तर तो प्रश्नही नाहीसा होतो, आणि तो नाहीसा होऊ नये असं मला वाटतं. दहाव्या थेंबापाशी आम्ही त्या दासीचा उल्लेख करणार आहोत.

---

ठाण्याची_मावशी

किहीमच्या लेकी, वाचून बरं वाटलं गं. वाइनचा प्रश्न तर आपल्याकडे कधीचाच सुटलेला आहे! आपल्या घरांत किद्दुशला, म्हणजे पेल्यावरच्या प्रार्थनेला, मनुकांचं सरबतच असायचं. काळ्या मनुका स्वच्छ धुऊन रात्रभर भिजत घाल. सकाळी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्कर, मिक्सरला लावलंस तर बिया कडवट उतरतात. फडक्यातून पिळून गाळ. साखर लागत नाही. चार पेले सगळ्यांचे सारखे होतील, त्या काकांचे आणि त्या मुस्लिम बाईंचेही. वेगळा ग्लास कोणापुढे ठेवावा लागणार नाही, हे महत्त्वाचं.

आता एक जुनी गोष्ट सांगते, तुला माहीत असेल नसेल. आमच्या आजोळी पेसाहच्या आधी बकरं कापलं की घरातला मोठा पुरुष रक्तात पंजा बुडवून कागदावर उठवायचा, आणि तो कागद दाराच्या चौकटीवर लावायचे. निर्गमातलं दाराला लावलेलं रक्त, त्याची खूण. कागद वर्षभर तसाच असायचा, काळपट पडायचा. आम्ही पोरं त्याच्याखालून पळत जायचो, वर बघायचो नाही. तू बकरं कापणार नाहीस, मग त्या पंजाचं काय करशील? खूण सोडू नये असं मला वाटतं.

---

किहीमची_लेक

मावशी, मनुकांचं सरबत नक्की! आणि पंजाबद्दल ऐकलं होतं, पाहिलेला नाही. तुम्ही लिहिल्यावर काल रात्री एक करून पाहिलं. बीट किसून, फडक्यातून पिळून ताटलीत रस काढला आणि धाकटीला पंजा बुडवून जाड कागदावर ठेवायला सांगितला. रंग आधी गर्द जांभळा-लाल आला, तासाभरात कडा तपकिरी झाल्या. बोटांच्या रेषासुद्धा उठल्यात. सेदेरच्या आधी येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून एकेक करून घेणार आणि दाराला लावणार. कोणाचं तरी रक्त होतं तिथे आता राव हूनांचं बीट असेल.

---

रिना_अश्दोद

शालोम. मी अश्दोदला राहते, माझे आईवडील मुंबईहून आले. इथे भरपूर बेने इस्राईल आहेत, घरात अजून मराठी बोलतो.

तुझा विचार चांगला आहे पण मला थोडं टोचलं, ते स्पष्ट लिहिते. आमच्याकडे सायरन वाजला की मुलांना घेऊन सुरक्षित खोलीत जायला मिनिटसुद्धा मिळत नाही. गेल्या काही वर्षांत कितीतरी घरांनी सेदेरला गाझात नेलेल्या ओलिसांसाठी रिकामी खुर्ची ठेवली. २००२ साली नेतन्याच्या एका हॉटेलात सेदेरला बसलेल्या ३० लोकांचे प्राण बॉम्बने घेतले. नुसते सेदेरला बसले होते. तेव्हा न्यू जर्सीत बसून करुणा मधे ठेवणं एक आणि इथे एक. मला भीती वाटते की अशा सेदेरमध्ये आमच्या रागाला, आमच्या भीतीला जागा उरत नाही. जेवणानंतर दार उघडून आपण "तुझा क्रोध ओत" म्हणतो. ते तू गाळणार का? गाळणार असशील तर माझ्यासारखीला तुझ्या टेबलावर जागा नाही असं मी समजेन.

---

किहीमची_लेक

रिना, गाळणार नाही. तुझ्या पोस्टची मी वाटच बघत होते.

त्या ओळी स्तोत्रांतल्या आहेत आणि हग्गादेत त्या मध्ययुगात आल्या, युरोपात ज्यूंच्या कत्तली होत होत्या तेव्हा. याच सणाच्या दिवसांत ज्यूंवर ख्रिस्ती मुलांच्या रक्ताचा आळ घ्यायचे आणि जमाव घरात घुसायचे. त्या माणसांकडे ना तलवार होती ना दाद मागायला राजा. त्यांनी दार उघडून देवाला म्हटलं, क्रोध तू ओत. ज्याच्याकडे सूड घ्यायची ताकदच नाही त्याने आपला सूड देवाच्या हवाली केला. मला त्यात राग दिसतो आणि हात आवरणंही दिसतं. आज ज्यांच्याकडे सैन्य आहे त्यांनी तीच ओळ म्हणताना काय म्हणायचं, हा प्रश्न मात्र नवा आहे आणि तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

मी असं ठरवलंय: ओळी हिब्रूत पूर्ण वाचायच्या. मग ज्याला आपल्या मनातला राग किंवा भीती बोलायची असेल त्याने बोलायचं, आणि त्यावर कोणी उत्तर द्यायचं नाही. समजूत घालायची नाही, दुसरी बाजू सांगायची नाही. माझ्या दोन मैत्रिणींपैकी एक ओलिसांबद्दल बोलेल, दुसरी गाझातल्या ढिगाऱ्याखालच्या मुलांबद्दल. दोघींनी एकमेकींचं ऐकून घेतलं तर मला तेवढं पुरे आहे. इस्रायलमध्येच पालकांची एक संघटना आहे, पेरेंट्स सर्कल, १९९५ पासूनची. या संघर्षात आपलं माणूस गमावलेले इस्रायली आणि पॅलेस्टिनी त्यात एकत्र बसतात. ते करू शकतात तर माझ्या टेबलावरची माणसं एक संध्याकाळ करू शकतील असा माझा विश्वास आहे.

तू लिहिलेलं मी त्या वेळी वाचू का?

---

रिना_अश्दोद

वाच. नाव नको, अश्दोदहून म्हण. आणि वाचल्यावर कोणी लगेच "पण" म्हणू नये.

---

निसान_चौदा

चांगली चर्चा. एक भर घालतो. थेंबांचं करुणेचं कारण आज सगळीकडे सांगतात, पण ते तुलनेने अलीकडचं आहे. मध्ययुगातल्या रब्बींनी दिलेलं कारण निराळं: या पीडा आमच्यापासून दूर राहोत, त्या आमच्या वैऱ्यांवर जावोत. म्हणजे थेंब बाहेर टाकणं हे अरिष्ट बाहेर टाकणं. काही घरांत तर ते थेंब भांड्यात ओतून, कोणी न बघता टाकून देतात.

हल्लेलचंही तसंच, करुणेच्या कारणाशेजारी दुसरं तांत्रिक कारण आहे. सुक्कोत या दुसऱ्या सणाला रोजचं बलिदान वेगवेगळं असायचं म्हणून रोज पूर्ण हल्लेल, पेसाहला रोज तेच म्हणून नाही.

हे सांगण्याचा हेतू तुमचा विचार खोडण्याचा नाही. परंपरेने एकाच कृतीला आधी भीतीचं आणि नंतर करुणेचं कारण दिलं. कृती तीच राहिली, माणसं बदलली. पाहुण्यांना दोन्ही कारणं सांगा, त्यात जास्त खरेपणा आहे.

---

किहीमची_लेक

@निसान_चौदा, मनापासून आभार. दोन्ही सांगेन, आणि आधी जुनं. आपल्या लोकांनी भीतीकडून करुणेकडे जायचं ठरवलं, हे मुलांना कळणं मला जास्त मोलाचं वाटतं. "हे पहिल्यापासून असंच होतं" असं सांगितलं तर त्यांना वाटेल आपल्याला काही करायचं उरलेलंच नाही.

---

सर्वोदय_वाचनालय

अहिंसेचा सेदेर म्हणताय तर गांधीजींचं वाचन ठेवाच. त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले सगळ्यात जवळचे सहकारी हरमान कालेनबाख ज्यू होते, टॉलस्टॉय फार्मची जमीन त्यांनीच दिली. सत्याग्रहाचं बाळपण एका ज्यू माणसाच्या जमिनीवर गेलं.

---

पर्वतीकर

कालेनबाख जरूर. पण मग गांधीजींचा २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मधला लेखही टाळू नका. जर्मनीत सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली, दुकानं फोडली, हजारो ज्यूंना छावण्यांत नेलं, त्याला दोन-तीन आठवडेही झाले नव्हते. आणि गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. मार्टिन बुबर आणि यहूदा माग्नेस या दोन ज्यू विचारवंतांनी यरुशलेमहून त्यांना पत्रं लिहिली. दोघेही गांधींना मानणारे, अरबांशी समेट हवा म्हणणारे. बुबरचं म्हणणं थोडक्यात असं की दक्षिण आफ्रिकेतला तुमचा लढा आणि छावणी यांची तुलना होत नाही. तुमच्या लढ्याची बातमी जगाला जायची, छावणीत मरणाऱ्याची साक्ष कोणापर्यंत पोहोचत नाही.

मी गांधींना मानतो म्हणूनच हे लिहितोय. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेट्टोतला उठाव १९ एप्रिल १९४३ ला, पेसाहच्या पूर्वसंध्येलाच सुरू झाला. त्या मुलामुलींनी पिस्तुलं हातात घेतली. तुमच्या टेबलावर त्यांना जागा आहे का?

---

किहीमची_लेक

आहे. आमच्या घरी दरवर्षी त्यांच्यासाठी मेणबत्ती असते, यंदाही असेल.

ज्याला मारायला नेतायत त्याला "तू हात उचलू नकोस" असं सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि बुबर वाचल्यावर वाटतं तो गांधींनाही नव्हता. अहिंसेची मागणी दुसऱ्याकडे करायची नसते, विशेषतः आपल्यापेक्षा दुबळ्याकडे. माझ्या सेदेरमध्ये तिचा रोख आमच्याकडेच आहे. आम्ही आता दुबळे नाही. या देशात आमचं घर आहे, मत आहे, कर भरतो, त्या पैशातून बॉम्ब होतात. "परक्याला छळू नका, परक्याचा जीव तुम्ही जाणता" हे तोरातलं, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथातलं, वाक्य ताकद आलेल्यांसाठीच लिहिलंय. दुबळ्याला ते सांगायची गरजच नसते.

गांधींचा उतारा ठेवला तर बुबरच्या पत्राची गोष्ट सोबत सांगेन.

---

महाडचा_मुलगा

जय भीम. धागा आवडला म्हणून लिहितोय.

तुमची गावं आणि आमचं महाड एकाच जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, मागून हजारो माणसं प्याली. त्यानंतर मंडपात जेवणाऱ्यांवर काठ्या घेऊन लोक तुटून पडले, बायकापोरांना मारलं. आमची माणसं संख्येने कमी नव्हती, उलटून मारता आलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हे माझ्या पणजोबांकडून घरात चालत आलेलं आहे. गुलामीतून बाहेर पडण्याची गोष्ट कोकणातल्या मातीत शोधायची तर ही आहे.

पण एक विनंती. आमचा प्रसंग तोंडी लावायला घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी पाहतो, कार्यक्रम आपला, आणि मधे दोन मिनिटं दलितांचं दुःख, मग पुन्हा आपलं. वाचणार असाल तर कोणीतरी आमचा माणूस तिथे जेवायला बसलेला असू द्या, आणि त्यालाच सांगू द्या. न्यू जर्सीत आंबेडकरी मंडळी भरपूर आहेत.

---

किहीमची_लेक

जय भीम. तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मुलीच्या शाळेतल्या एका मित्राचं कुटुंब नागपूरचं आहे, त्याच्या आईशी माझं नेहमी बोलणं होतं. आजच तिला फोन केला. म्हणाली, येईन, पण मला काय बोलायचं ते मी ठरवेन, महाडच सांगेन असं नाही. मी म्हटलं, तसंच हवंय.

त्यामुळे टेबल लांबलं. घडीचं टेबल शेजाऱ्यांकडून आणणार.

---

पापडीकर

मी वसईचा कॅथलिक. यंदा पवित्र गुरुवार २ एप्रिलला येतोय, म्हणजे तुमच्या दुसऱ्या सेदेरच्याच दिवशी. आमच्या पॅरिशमध्ये काही तरुणांनी सुचवलंय की येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून आपणही सेदेर करावा, मत्सा आणून. सर्वसमावेशक म्हणता येईल का याला? तुमचं मत हवंय, स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

---

किहीमची_लेक

स्पष्टच सांगते, राग मानू नका. चर्चने स्वतः सेदेर मांडून त्यातल्या मत्साला आणि पेल्याला ख्रिस्ती अर्थ द्यावा, हे बऱ्याच ज्यूंना दुखावतं, मलाही. आज आपण ज्याला सेदेर म्हणतो त्याची बांधणी बरीचशी मंदिर पडल्यानंतरची आहे, येशूच्या काळी ती अशी नव्हती. आणि ज्या आठवड्यात युरोपात शतकानुशतकं ज्यूंवर हल्ले झाले, तो तुमचा हाच आठवडा. आमच्याशिवाय आमचा विधी करू नये असं वाटतं ते त्यामुळे.

पण तरुणांची ओढ चांगली आहे, ती मोडू नका. ठाण्यात, मुंबईत, अलिबागला आपली सिनेगॉग आहेत, तिथल्या मंडळींना भेटा, पाहुणे म्हणून कोणाच्या घरी बोलावणं मिळतं का बघा. पाहुण्याला आमच्या पोथीत पहिल्या पानापासून जागा आहे. जाताना फळं न्या. पाव, बिस्किटं, केक नको.

---

पापडीकर

राग कशाचा, विचारलं ते याचसाठी. तरुणांशी बोलतो.

---

चिमण्यांची_आई

तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या शाकाहारी शेजाऱ्यांसारखीच मी, पण दुसऱ्या राज्यात. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांकडे सेदेरला गेलो होतो. सगळे आळीपाळीने वाचत होते आणि माझ्या मुलाच्या वाट्याला नेमका "दुष्ट मुलगा" आला. त्यात लिहिलं होतं की त्याचे दात बोथट करा, तो मिसरमध्ये असता तर त्याची सुटका झाली नसती. मुलगा घरी येऊन विचारत होता, मी काय केलं? तुम्ही हे कसं करणार?

---

किहीमची_लेक

अरे देवा, बिचारा. हग्गादेत चार मुलगे आहेत: शहाणा, दुष्ट, साधा, आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही तो. दुष्टाचा अपराध एवढाच की तो विचारतो, "तुमचं हे सगळं काय चाललंय?" 'आमचं' म्हणत नाही, 'तुमचं' म्हणतो.

तो भाग मोठ्यांपैकी कोणीतरी वाचायचा, हे पहिलं. आणि माझ्या मते चौघांत सगळ्यात अवघड प्रश्न तोच विचारतो. @माळरान यांनी वर विचारला तो त्याच जातीचा. तो उठून गेलेला नाही, टेबलाशी बसलेला आहे, आणि हग्गादा दरवर्षी त्याची खुर्ची ठेवते. दात बोथट करण्याची ओळ मी वाचेन आणि त्यानंतर सगळ्यांना विचारेन की आपल्या घरात हा प्रश्न शेवटी कोणी विचारला होता आणि आपण त्याला काय उत्तर दिलं होतं. माझ्या वडिलांनी मला दिलेलं उत्तर मी सांगणार आहे, ते अजून लागतं.

चिमण्यांच्या आई, तुमच्या मुलाला सांगा की आमच्याकडे त्याच्या हातून पहिला पंजा उठवून घेतला असता.

---

ठाण्याची_मावशी

एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या पेल्याचं कोणी बोललंच नाही. आपल्या बेने इस्राईल लोकांत हन्नाबीला किती मान! लग्न, मुंज नाही पण बारसं, नवस, सगळ्याला मलिदा करून त्याचं नाव घेतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात, तिथे अजून माणसं जातात. त्याचा पेला घरातल्या कर्त्याने भरून ठेवायचा, बरोबर ना?

---

निसान_चौदा

मावशी, रोपशित्झच्या रब्बी नफ्ताली यांची एक रीत आहे: एलियाहूचा पेला रिकामा ठेवायचा आणि फिरवायचा, प्रत्येकाने आपल्या पेल्यातून त्यात थोडं ओतायचं. सुटका कोणी एकटा आणत नाही, हा त्यामागचा विचार. या सेदेरला ती शोभेल.

---

किहीमची_लेक

ठरलं. आणि सगळ्यांचं मनुकांचं सरबत असल्यामुळे मिसळायलाही अडचण नाही! शेजारी मोशेच्या बहिणीचा, मिर्यामचा, पाण्याचा पेला ठेवेन, तो मुलीची मैत्रीण भरेल.

आता जेवणाचं, कारण खाजगी निरोपांतून बरेच विचारतायत. आम्ही पेसाहला भात खातो, अशकनाझी (मूळ युरोपातल्या ज्यूंच्या) घरांत बरेच जण खात नाहीत. येणाऱ्यांत दोघे तसे आहेत. म्हणून भात, तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या दुधातली मटारची भाजी बाजूच्या टेबलावर, वेगळ्या चमच्यांनी. मधल्या टेबलावर सगळ्यांना चालेल असं: बटाट्याची सुकी भाजी, वांग्याचं भरीत, बीटची कोशिंबीर, भाजलेलं फ्लॉवर, फळं. दूध-दही कशातच नाही, म्हणजे वीगन मंडळींचाही प्रश्न मिटला. हिंग चुकूनही घालू नका, डब्यातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, ते पेसाहला चालत नाही. ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी ओटची मत्सा मिळते, महाग असते पण एक डबा आणलाय.

हरोसेत म्हणजे ताटावरची गोड चटणी, तिच्यासाठी खजूर भिजवून, शिजवून, गाळून पाक आटवते, वरून अक्रोडाचा चुरा. कडू भाजी म्हणून रोमेनची पानं आणि किसलेलं हॉर्सरॅडिश, तिखट मुळ्यासारखं असतं, डोळ्यांतून पाणी येतं. करपासला, म्हणजे मिठाच्या पाण्यात बुडवायच्या हिरव्या पानांसाठी, कोथिंबिरीची जुडी.

---

चिमण्यांची_आई

ताटावर बीट कच्चं की उकडलेलं? आणि मिठाच्या पाण्याचं प्रमाण?

---

किहीमची_लेक

ताटावरचं शिजवलेलंच हवं. मी सालासकट ओव्हनमध्ये भाजते, तासभर तरी लागतो, सोलल्यावर चमकतं. पंजासाठी मात्र कच्चं किसून रस काढायचा, शिजवलेल्याचा रंग कागदावर फिका येतो. मिठाचं पाणी चाखल्यावर तोंड वाकडं होईल इतपत. वाटीभर पाण्याला दोन चमचे घाला आणि आधी स्वतः चाखून बघा.